पाण्याने हवा कोरडी करणारा माणूस : विलिस कॅरिअर

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एक तरी चरित्रलेख असावा, ही आपल्याकडची जुनी रीत. या पानांवर संत आले, होळकर राज्यातले मुत्सद्दी आले, नट आले, गवई आले. यंदा आम्ही वाचकांना थोडे लांब, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात नेणार आहोत. बँकेत, दवाखान्यात, मंगल कार्यालयात भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीवर जे नाव आपण वाचतो आणि जे कुणा माणसाचे आडनाव असेल असे सहसा मनातही येत नाही, त्या विलिस हॅविलँड कॅरिअर यांची ही हकिकत आहे.

कॅरिअर यांनी थंड हवेचे यंत्र काढले अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मते ती अर्धीच खरी आहे. बर्फ करण्याची यंत्रे त्यांच्या आधीही होती. त्यांनी ताब्यात आणले ते हवेतले पाणी. हे काय प्रकरण आहे ते समजायला माळव्यातल्या माणसाला पुस्तक उघडावे लागत नाही. मे महिन्यात वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारले की आत शिरणारी लू गार होते. त्याच तत्त्वावरचा आपला पत्र्याचा कूलर एप्रिल-मेमध्ये स्वर्गसुख देतो आणि जुलै उजाडला की तोच कूलर अंग चिकट करून सोडतो. पंखा तोच, पाणीही तेच. मग बिघडते काय? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा हिशेब मांडण्यात कॅरिअर यांचे सारे आयुष्य गेले.

त्यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, ईरी सरोवराजवळच्या अँगोला नावाच्या गावी. घर शेतकऱ्याचे, आणि त्यात हे एकुलते एक मूल. आई क्वेकर पंथातली, हाताची मोठी कसबी. घरातली गजराची घड्याळे, शिवणयंत्रे ती स्वतःच दुरुस्त करी. मुलाला अपूर्णांक उमजेनात, तेव्हा तिने सफरचंदे आणली आणि त्यांचे निम्मे, पाव, अष्टमांश असे तुकडे करून त्याच्यासमोर मांडले. बेरीज-वजाबाकी त्या फोडींवर झाली. कुठलीही अडचण आधी डोळ्यांना दिसेल अशी मांडायची आणि मग आकड्याला हात घालायचा, ही सवय त्यांना तिथे लागली असे ते पुढे सांगत. मुलगा अकरा वर्षांचा असताना ती माउली गेली.

पुढची वर्षे ओढगस्तीची होती. १८९० नंतर अमेरिकेत मंदी आली आणि शेतकऱ्याच्या घरात कॉलेजच्या फीचे पैसे कुठून असणार? कॅरिअर यांनी काही काळ शाळामास्तरकी केली. मग शिष्यवृत्ती मिळवून कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. लोकांच्या अंगणातले गवत कापणे, खाणावळीत वाढणे, भट्ट्या सांभाळणे आणि एका सोबत्याबरोबर विद्यार्थ्यांसाठी कपडे धुण्याचा धंदा चालवणे, असे करत १९०१ साली ते इंजिनिअर झाले. लगेच बफेलो शहरातल्या बफेलो फोर्ज कंपनीत आठवड्याला दहा डॉलरवर नोकरी लागली. ही कंपनी भाते, मोठे पंखे आणि वाफेवर चालणारे हवा तापवण्याचे सांगाडे बनवी.

तिथे त्यांच्या ध्यानात आले की कुठल्या कारखान्याला किती मोठा सांगाडा लागेल हे कुणालाच नीट ठाऊक नाही. अंदाजाने ठरवायचे आणि कमी पडू नये म्हणून थोडे जास्तच बसवायचे, असा कारभार होता. या पंचविशीतल्या पोराने नळ्यांवरून हवा सोडून, वेग आणि तापमान मोजून तक्ते तयार केले. त्या तक्त्यांमुळे एका हंगामात कंपनीचे चाळीस हजार डॉलर वाचले. मालकांनी खूश होऊन त्यांना एक प्रयोगशाळाच काढून दिली.

आणि मग आला तो ब्रुकलिनचा छापखाना.

सॅकेट अँड विल्हेल्म्स ही रंगीत छपाई करणारी मोठी पेढी होती. त्या काळी रंगीत चित्र म्हणजे एकच कागद पुनःपुन्हा यंत्रातून काढायचा, दर वेळी एक रंग. सकाळी पिवळा छापला आणि दुपारी तांबडा छापायला घेतला, तर मधल्या वेळात दमट हवेने कागद सादळून किंचित पसरलेला असे. मग ओठांचा रंग गालावर जाई. पावसाळ्यात आपल्या घरातले लाकडी दार फुगून चौकटीत अडकते, पापड मऊ पडतात, त्यातलाच हा प्रकार. छापलेले ताव रद्दीत जात आणि पत्रिका वेळेवर निघत नसत. बफेलो फोर्जच्या न्यूयॉर्क कचेरीतले विक्रीप्रमुख अर्विन लाइल यांनी ही तक्रार कॅरिअर यांच्याकडे पाठवली. या लाइल यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढची चाळीस वर्षे ही जोडी फुटली नाही.

मागणी अशी होती : हिवाळ्यात खोलीचे तापमान सुमारे २१ अंश सेल्सिअस, उन्हाळ्यात सुमारे २७, आणि बाराही महिने हवेत दमटपणा ५५ टक्के. पहिल्या दोन गोष्टी समजण्यासारख्या, पण तिसरी कशी साधायची? कॅरिअर यांनी आधी क्षार वापरून पाहिला. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवलेल्या गोणपाटासारख्या कापडातून हवा ओढली. हवा कोरडी झाली खरी, पण आपल्याबरोबर क्षार घेऊन आली, आणि तसल्या हवेत छापखान्याची यंत्रे गंजून गेली असती. मग त्यांनी सरळ वाट धरली. ज्या नळ्यांमध्ये वाफ सोडून आपण हवा तापवतो, त्याच नळ्यांमध्ये गार पाणी सोडले तर? थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसा त्या नळ्यांना सुटणार, आणि तांब्यावर जमलेले थेंब म्हणजे हवेतून निघालेले पाणीच. किती गार पाणी, किती नळ्या, किती वेगाने हवा, हे त्यांनी सरकारी हवामान खात्याच्या तक्त्यांवरून बसवले. आराखड्यावर तारीख आहे १७ जुलै १९०२. खोल विहिरीचे पाणी आणि अमोनियाचे शीतयंत्र मिळून रोज एक लाख आठ हजार पौंड बर्फ वितळावा इतका थंडावा तो सांगाडा देत असे. आज दुकानदार आपल्याला दीड टनाचा, दोन टनाचा एसी दाखवतो तो टन हाच. एक अमेरिकन टन, म्हणजे दोन हजार पौंड, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता काढण्याची ताकद. त्या मापाने छापखान्यात चोपन्न टनांची सोय झाली होती.

याच वर्षी त्यांचे लग्न झाले. कॉर्नेलच्याच वर्गभगिनी ईडिथ सेमूर त्यांच्या पत्नी. संसार दहा वर्षांचा ठरला. १९१२ साली ईडिथ वारल्या.

छापखान्याच्या कामाने कॅरिअर यांचे समाधान झाले नव्हते. त्याच वर्षीच्या शरदाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या स्टेशनवर ते रात्री गाडीची वाट पाहत होते. दाट धुके पडले होते. फलाटावर येरझारा घालताना त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. धुके म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली हवा, शंभर टक्के दमट. पण ती गार आहे, म्हणून तिच्यात एकूण पाणी थोडेच मावले आहे. आपल्याला हवे त्या तापमानाचे धुके मुद्दाम तयार करता आले, तर त्या हवेत पाणी नेमके किती आहे हे मोजावेच लागणार नाही. तापमान कळले की पाणी कळले.

इथे जरा थांबायला हवे, कारण सारी मेख इथेच आहे. एक घनमीटर हवेत १० अंशांना फार तर ९.४ ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना सुमारे १७, ३० अंशांना सुमारे ३०. हवा जितकी गरम तितकी तिची झोळी मोठी. आता १० अंशांचे धुके घ्या. त्यातले थेंब बाजूला काढा आणि उरलेली हवा २० अंशांपर्यंत तापवा. पाणी तेवढेच राहिले, झोळी जवळजवळ दुप्पट झाली, म्हणजे दमटपणा आपोआप निम्म्याच्या आसपास उतरला. आणि ते थंड धुके करायचे कसे? गार पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून हवा ओढून. म्हणजे हवा कोरडी करायची तर तिला पाण्यातून न्यायची. हे ऐकून लोक हसले तर नवल नाही. ओला टॉवेल फिरवून फरशी कोरडी करण्यासारखेच ते वाटते.

पण आपल्या कूलरचे कोडेही इथेच सुटते. हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन बाहेर पडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. फवाऱ्याचे पाणी दवबिंदूपेक्षा उबदार असेल तर ते हवेला पाणी देते, त्याहून गार असेल तर हवेतले पाणी काढून घेते. इंदूरच्या मे महिन्यात हवा चाळीस अंशांची पण भाजून कोरडी झालेली असते आणि तिचा दवबिंदू फार खाली असतो. कूलरमधले पाणी त्याहून उबदारच असते, म्हणून ते भराभर वाफ होऊन उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते. जुलैत दवबिंदू पार वर चढलेला असतो, झोळी भरत आलेली असते, पाणी उडायला जागाच नसते. कुणी हौसेने जुलैत कूलरच्या टाकीत बर्फाच्या लाद्या टाकत राहिले, तर मात्र तोच कूलर हवेतले पाणी ओढून टाकीत जमा करू लागेल. परवडणार नाही ही गोष्ट वेगळी.

कॅरिअर यांनी ही कल्पना यंत्रात उतरवली : बारीक तोंडाचे फवारे, त्यांच्यामागे थेंब अडवणाऱ्या नागमोडी पट्ट्या, मागे हवा ओढणारा पंखा. २ जानेवारी १९०६ रोजी त्यांना पेटंट मिळाले. नाव साधे होते, हवेवर प्रक्रिया करण्याचे उपकरण. वातानुकूलन हा शब्द ज्या इंग्रजी शब्दावरून आपण घडवला तो कॅरिअर यांचा नव्हे. तो त्याच सुमारास उत्तर कॅरोलायनातल्या स्टुअर्ट क्रेमर या गिरणी इंजिनिअराने काढला. आणि जनक या पदवीबद्दलही आम्ही थोडे जपून बोलू. फ्लोरिडातले डॉक्टर जॉन गोरी यांनी तापाच्या रुग्णांच्या खोल्या गार ठेवण्याच्या ध्यासाने १८५१ सालीच बर्फयंत्राचे पेटंट घेतले होते. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराची नवी इमारत १९०३ साली अल्फ्रेड वुल्फ यांनी थंड केली, तीही माणसांसाठी. कॅरिअर यांचे मोठेपण पहिला नंबर लावण्यात नाही. इतरांनी एकेक इमारत थंड केली, यांनी कुणालाही वापरता येईल असे गणित दिले.

ते गणित पक्के झाले ते सूतगिरण्यांमध्ये. हा भाग इंदूरकरांना, बडोदेकरांना आणि ग्वाल्हेरकरांना वेगळा सांगायला नको. ज्यांच्या घरातले आजोबा मालवा मिलमध्ये किंवा हुकुमचंद मिलमध्ये कामाला होते त्यांना ठाऊक आहे की हवा कोरडी पडली की धागा ठिसूळ होतो, तटातट तुटतो आणि कापसाची भुकटी तरंगू लागते. नागपूरची एम्प्रेस मिल कॅरिअर यांच्या जन्मानंतर पाच आठवड्यांनी, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिथे जमशेटजी टाटांनी हवा दमट ठेवण्याची यंत्रे बसवली होती ती याचसाठी. विलायतेत तर गिरण्यांत सरळ वाफ सोडत. धागा सुखी होई, कामगार उकडून निघे.

कॅरिअर १९०६ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या बेल्मोंटच्या क्रॉनिकल गिरणीत गेले, तेव्हा त्यांना दिसले की हजारो चात्या फिरताना स्वतःच भट्टीसारखी उष्णता सोडतात. हवेत नुसता ओलावा घालून भागत नाही. यंत्रांची उष्णता वाहून नेण्याइतकी हवाही लागते. हवा किती, तिचा दवबिंदू कुठे आणि खोलीचे तापमान किती, या तिघांचा मेळ त्यांनी तिथे बसवला. दवबिंदू एका जागी धरून ठेवायचा, बाकीचे आपोआप येते, ही त्यांची पद्धत. १९०७ साली जपानात योकोहामाच्या रेशीम गिरणीकडे त्यांची सामग्री गेली. पुढे तंबाखू, मिठाई, औषधांच्या कुप्या, फिल्म, सगळीकडून बोलावणी येऊ लागली.

डिसेंबर १९११ मध्ये अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या परिषदेत त्यांनी आपली सूत्रे वाचली आणि त्याबरोबर एक तक्ता ठेवला. तापमान आडव्या रेघेवर, वाफेचे प्रमाण उभ्या रेघेवर, मध्ये दमटपणाच्या वळणदार रेषा. आजही वातानुकूलन शिकणाऱ्या मुलाच्या वहीत हाच तक्ता असतो. आपल्यापैकी कुणाचा नातू या शाखेला असेल तर त्याला विचारून पाहावे. आईच्या सफरचंदाच्या फोडींचेच हे मोठे रूप, असे आम्हाला वाटते. न दिसणारी गोष्ट कागदावर बोट ठेवून दाखवता आली.

एवढे झाल्यावर माणूस स्थिरावला असेल असे कुणालाही वाटेल. झाले उलटेच. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. बफेलो फोर्जच्या मालकांनी हात आखडता घेतला आणि कंपनीने फक्त पंखे नि सांगाडे बनवावेत, असल्या इंजिनिअरिंगच्या भानगडीत पडू नये असे ठरवले. विभागातली माणसे कमी झाली. कॅरिअर आणि लाइल यांना ठेवून घेणार होते. त्यांनी राहायचे नाही असे ठरवले. कॅरिअर तेव्हा अडतीस वर्षांचे होते, बायको गेलेली, दुसरा संसार नुकता मांडलेला, घरात दत्तक मुले. हमखास पगाराची नोकरी सोडण्याची ही वेळ नव्हे, असे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी नक्कीच सांगितले असते. पण सात इंजिनिअरांनी आपापली पुंजी एकत्र केली. सगळी मिळून बत्तीस हजार सहाशे डॉलर झाली आणि २६ जून १९१५ रोजी कॅरिअर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन उभी राहिली. सुरुवातीला कारखाना नव्हता. डोके यांचे आणि यंत्रे दुसऱ्यांकडून विकत, असा धंदा. युद्धाने नोकरी घेतली होती, त्याच युद्धाने कामही दिले, कारण दारूगोळा भरताना ओलसर हवा चालत नाही.

अडचण उरली होती ती शीतयंत्राची. अमोनियाची यंत्रे अवजड होती आणि गळती झाली तर जिवावरची. कारखान्याच्या मागच्या अंगाला ती चालत, पण जिथे हजारो माणसे बसतात त्या नाट्यगृहात अमोनिया कोण ठेवणार? कॅरिअर यांनी दट्ट्याऐवजी वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी वायू दाबणारे नवे यंत्र रचले आणि त्यात डायलीन नावाचा बराच कमी घातक द्रव वापरला. मे १९२२ मध्ये नेवार्क शहरात ते लोकांना दाखवले. तरी न्यूयॉर्कच्या सुरक्षा अधिकाऱ्यांची मान हलेना. तेव्हा कॅरिअर त्यांच्या कचेरीत गेले, भांड्यात डायलीन ओतले आणि त्यात पेटती काडी टाकली. साहेबांची पाचावर धारण बसली. द्रव भडकला नाही, शांतपणे हळूहळू जळला. परवानगी मिळाली.

परवानगी मिळाली ती ब्रॉडवेवरच्या रिव्होली चित्रपटगृहासाठी. याआधीही काही चित्रपटगृहांत गार हवा होती, पण ती खुर्च्यांखालच्या भोकांतून वर येई. डोके तापलेले, पाय बर्फ. शिकागोत प्रेक्षक पायांना वर्तमानपत्रे गुंडाळून बसत असे सांगतात. कॅरिअर यांच्या मंडळींनी हवा छतातून सावकाश खाली सोडली आणि खालून परत ओढली. गार हवा जड, ती आपोआप उतरते आणि उतरताना पसरते. परत आलेली हवा सगळी फेकून न देता काही भाग वळसा घालून पुन्हा मिसळायचा, ही युक्ती त्यांचे सहकारी लोगन लुइस यांची.

१९२५ च्या मे अखेरीस रिव्होलीचा पहिला खेळ लागला. दिवस उकाड्याचा. यंत्र सुरू करायला उशीर झाला आणि दारे उघडली तेव्हा आत अजून गदमदत होते. दोन हजारांवर माणसे हातपंखे हलवत बसली. पॅरामाउंटचे अडॉल्फ झुकर बाल्कनीतून पाहत होते. इथे एक हिशेब सांगावासा वाटतो. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे शंभर वॉट उष्णता सोडतो, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. दोन हजार माणसे म्हणजे दोन लाख वॉट. ती शोषायलाच सुमारे सत्तावन्न टनांचे यंत्र हवे. ब्रुकलिनच्या अख्ख्या छापखान्याला जेवढे पुरले होते त्याहून जास्त नुसत्या प्रेक्षकांच्या अंगाला लागत होते. हळूहळू थंडावा उतरला. एकेक हातपंखा मंदावला, मग मांडीवर पडला. सगळ्यात शेवटी थांबले ते सवयीने वारा घेणारे. कॅरिअर मागे उभे राहून हे मोजत होते. झुकर यांनी नंतर समाधानाने मान डोलावली आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत देशभरची शेकडो चित्रपटगृहे थंड झाली. मुंबईत रीगलने १९३३ साली हाच मान मिळवला.

१९०२ पासून १९२५ पर्यंत म्हणजे तेवीस वर्षे हे तंत्र मुख्यतः कागद, सूत, तंबाखू आणि दारूगोळ्याच्या सेवेत राहिले, आणि मग कुठे सामान्य माणसाच्या अंगाला तो वारा लागला. हा क्रम आम्हाला थोडा बोचतो. पण तो तसा आहे.

रिव्होलीच्या तळघरात जे होते तेच आज मोठ्या रुग्णालयाच्या किंवा मॉलच्या गच्चीवर पत्र्याच्या लांबट पेटीत असते. इंजिनिअर तिला एअर हँडलिंग युनिट म्हणतात. बाहेरची ताजी हवा एका झडपेतून येते, खोल्यांमधून परतलेली हवा दुसऱ्या झडपेतून. दोन्ही मिसळून गाळण्यांमधून जातात आणि धूळ तिथे राहते. पुढे गार पाण्याच्या नळ्यांची जाळी. तिच्यावर हवा थंड होते आणि तिचे पाणी गळून खालच्या तबकात पडते. हवा फार गारठली असेल तर पुढे किंचित तापवण्याची सोय, आणि शेवटी पंखा, जो हे सारे डक्टमधून खोलीखोलीत ढकलतो. थंड मुलखात त्याच पेटीत हिवाळ्यात गरम पाणी फिरते आणि कोरड्या हवेत ओलावा घालतात. फवारे जाऊन जाळ्या आल्या, बाकी क्रम कॅरिअर यांचाच. तापमान, दमटपणा, स्वच्छता आणि ताजी हवा, या चारही गोष्टी एकाच पेटीने करायच्या.

आपल्या घरातला भिंतीवरचा एसी यांतली पहिली गोष्ट उत्तम करतो, दुसरी बरीचशी करतो, तिसरी जेमतेम, आणि चौथी बहुधा करतच नाही. तो खोलीतलीच हवा फिरवत राहतो. दोघांच्या झोपण्याच्या खोलीत ते चालून जाते. पण उत्सवात सभागृहाची दारे-खिडक्या लावून तीनशे माणसे गाण्याच्या कार्यक्रमाला बसली की ती तासाभरात पंधरा लिटरच्या आसपास पाणी श्वास आणि घामावाटे हवेत सोडतात. श्वासातला कर्बवायू तर कुठेच जात नाही. तासाभराने डोके जड होते, जांभया येतात, आणि आपण गायकाला दोष देतो. आरतीला दारे उघडली की सगळ्यांना एकदम हुशारी वाटते. त्यात बाप्पाचा प्रसाद असेलच, पण बाहेरची हवाही आहे. सभागृहांना एसी बसवण्याच्या गोष्टी आता गावोगावच्या मंडळांत चालू आहेत. वर्गणीचा पैसा आहे, म्हणून आग्रहाने सांगतो : दरपत्रके मागवताना टनाबरोबर ताज्या हवेचा झोत किती, हा रकानाही घालावा. तो नसला तर निदान वर एक बाहेर फेकणारा पंखा आणि समोरच्या बाजूला हवा यायला झरोका, एवढे तरी असू द्यावे.

पुन्हा कॅरिअर यांच्याकडे. १९२८-२९ मध्ये अमेरिकेच्या संसदेची दोन्ही सभागृहे त्यांनी वातानुकूलित केली. पाठोपाठ महामंदी आली. कंपनीला दुसऱ्या दोन कंपन्यांशी हातमिळवणी करावी लागली आणि १९३७ मध्ये सगळे सिराक्यूझला हलले. स्वतः कॅरिअर या काळात गगनचुंबी इमारतींच्या मागे लागले होते. चाळीस मजल्यांना मोठे डक्ट घालायचे तर भाड्याने द्यायची जागाच डक्ट खातात. त्यांनी थोडी हवा बारीक नळांतून जोरात वर पाठवायची आणि प्रत्येक खिडकीखालच्या पेटीत तिच्या ओढीने खोलीतली हवा फिरवायची अशी व्यवस्था शोधली. १९३९ च्या न्यूयॉर्क जत्रेत त्यांनी बर्फाच्या झोपडीसारखा मंडप उभारून लोकांना गारवा दाखवला. त्याच वर्षी दुसऱ्या पत्नी जेनी वारल्या.

माणूस म्हणून ते विसरभोळे होते. गाडीत, जेवणाच्या टेबलावर, कुठेही आकडेमोड सुरू होई. एकदा प्रवासाला निघाले आणि मुक्कामी मोठी बॅग उघडली तर आत फक्त एक हातरुमाल निघाला असे सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या पासष्टीच्या पुढे, त्यांच्यापुढे शेवटचे मोठे काम आले. उंच आकाशात विमानांचे काय होते ते जमिनीवरच तपासता यावे म्हणून क्लीव्हलँडला एक प्रचंड वायुबोगदा बांधायचा होता, आणि त्यातली हवा उणे ५५ अंशांपर्यंत थंड करायची होती. इतक्या प्रमाणात हे कुणी केलेले नव्हते. त्यांनी ते केले, आणि आपल्या आयुष्यातले सर्वांत अवघड काम म्हणून ते त्याचेच नाव घेत. छापखाना नाही, रिव्होलीही नाही.

लाइल १९४२ मध्येच गेले होते. कॅरिअर यांच्या हृदयाने तक्रार सुरू केली, आणि १९४८ मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी, त्र्याहत्तराव्या वर्षी, न्यूयॉर्क शहरात त्यांचे निधन झाले. अमेरिकेतल्या साध्या घरांच्या खिडक्यांत एसीच्या पेट्या झपाट्याने बसू लागल्या त्या त्यानंतरच्या दशकात. बफेलोच्या ज्या शहरात त्यांनी दहा डॉलरवर पहिल्या नळ्या तपासल्या होत्या, तिथल्याच फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली.